कोठीतले गहू आणि लेकीची चनिया-चोळी

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी वडोदऱ्याची, वय अडतीस, नोकरी करते. तळमजल्याचं घर, घरात नवरा, सासूबाई आणि साडेआठ वर्षांची लेक. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा वर्षाच्या गव्हाची कोठी खालून भिजली. सासूबाईंनी वरचे गहू काढून गच्चीवर वाळवले, पुन्हा दिवेल (एरंडेल तेल) लावून भरले आणि घरात ते उन्हाळ्यापर्यंत खाल्ले गेले. या वर्षी नवरात्रीची चनिया-चोळी शिवायला टाकली तेव्हा माप घेताना टेलरबाई म्हणाली, बेन, छोकरी मोठी व्हायला लागली. बघितलं तर छातीत एका बाजूला छोटी गाठ, हात लावला की दुखते. त्या रात्री हिने फोनवर शोधाशोध केली आणि सापडलं की धान्यावरच्या बुरशीचं एक विष माणसाच्या पेशींमध्ये बायकी हॉर्मोनसारखं वागतं. तेव्हापासून झोप उडाली आहे. दाहोदकडून ओळखीच्यांनी पाठवलेल्या मकाईच्या पोत्याला कुबट वास येत होता, ते हिने सासूबाई देवळात गेलेल्या असताना गोशाळेत देऊन टाकलं. सासूबाईंना कळलं आणि मग घरात जे व्हायचं ते झालं. नवरा म्हणतो गूगल बंद कर. हिचे प्रश्न तीन: मुलीचं हे धान्यामुळेच झालं का, उरलेलं धान्य लॅबमध्ये द्यावं का, आणि सासूबाईंना कसं सांगावं की त्यांच्या काटकसरीने नातीचं नुकसान केलंय.

---

अगं, तू मला काकू म्हणून लिहिलंस म्हणून मीही सरळ तू म्हणते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की ही खरं तर दोन पत्रं आहेत, एकाच पाकिटात घातलेली. एक लेकीच्या वाढीबद्दलचं, एक घरातल्या धान्याबद्दलचं. दोन्ही काळज्या खऱ्या आहेत, मी एकीलाही हसणार नाहीये. पण त्या दोघींची गाठ तू रात्री दोन वाजता फोन हातात घेऊन जी मारलीस ना, ती गाठ मला कच्ची वाटते, आणि तिच्यावर तू सासूबाईंचा अख्खा खटला उभा केलायस.

आधी लेकीचं. साडेआठ वर्षं. मुलींमध्ये छातीची वाढ आठ ते तेरा या वयात कधीही सुरू झाली तरी डॉक्टर ती नॉर्मल धरतात, आठच्या आत झाली तर मात्र तपासणी करायची असते. म्हणजे तुझी लेक लवकरच्या टोकाला आहे, पण आहे आतच. एका बाजूला आधी गाठ येणं, ती दुखणं, दुसरी बाजू काही महिन्यांनी मागून येणं हेही अगदी नेहमीचं, कितीतरी आया ती गाठ हाताला लागली की घाबरून भलत्याच आजाराचा विचार करतात. पाळी यायला त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षं जातात. आणि एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस, तुझी स्वतःची पाळी कितव्या वर्षी सुरू झाली? तुझ्या आईची? नणंदेची? हा प्रश्न डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत विचारतील, आणि बऱ्याचदा उत्तर कोठीत नसतं, घराण्यात असतं. दुसरं म्हणजे मुलींच्या छातीच्या वाढीचं वय जगभरच खाली येतंय. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून 2020 मध्ये एक मोठा हिशोब मांडला गेला, त्यात 1977 ते 2013 या काळात हे वय दर दहा वर्षांमागे जवळजवळ तीन महिन्यांनी अलीकडे आलेलं दिसलं. कारणांमध्ये मुलींचं वाढलेलं वजन बरंच वर आहे, बाकी संशयित पुष्कळ, पण एकच एक गुन्हेगार कोणाला सापडलेला नाही. (दुधाच्या म्हशींना देतात त्या ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनमुळे मुली लवकर मोठ्या होतात हे तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरत असेलच. ते इंजेक्शन म्हशीवर अन्याय आहेच, पण ऑक्सिटोसिन ही प्रोटीनसारखी साखळी असते, पोटात गेली की पचून तुटते, आणि ते बायकी हॉर्मोनही नव्हे.)

तरी डॉक्टरकडे जा. माझ्या या लिहिण्यावर विसंबून घरी बसू नकोस. आधी नेहमीचे बालरोगतज्ज्ञ, त्यांना वाटलं तर ते मुलांच्या हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवतील. जाताना शाळेच्या हेल्थ कार्डावरची मागच्या दोन-तीन वर्षांची उंची-वजनं घेऊन जा, कारण आज किती आहे त्यापेक्षा किती वेगाने वाढलं हे त्यांना जास्त सांगून जातं. कदाचित डाव्या हाताचा मनगटासकट एक्स-रे काढतील, हाडांचं वय बघायला, त्याने घाबरू नकोस, तो साधा एक्स-रे असतो. वाट न बघता जायचं कधी, तर उंची एकदम झपाट्याने वाढायला लागली, काही महिन्यांतच छातीची वाढ पुढे सरकली, रक्त दिसलं, किंवा सारखं डोकं दुखतंय, दिसायला अंधुक होतंय असं ती म्हणाली तर. आणि घरात कोणी हॉर्मोनचं मलम किंवा जेल लावत असेल तर तेही डॉक्टरांना सांग, मुलं अंगाला अंग लावून झोपतात त्यातून ते त्यांच्या अंगाला लागतं. हे कोणाच्या लक्षात येत नाही.

आता तुझं ते बुरशीचं विष. तू जे वाचलंस ते खोटं नाही, हे आधी सांगते, कारण नवऱ्याने "गूगल बंद कर" म्हटल्यावर आपण वेड्या आहोत की काय असं वाटायला लागतं. फ्युझेरियम नावाची बुरशी असते, मका, गहू, ज्वारी यांच्यावर शेतातच धरते, आणि ती झिअरालेनोन नावाचं द्रव्य तयार करते. त्याची गोष्ट डुकरांपासून सुरू झाली. 1928 मध्ये अमेरिकेतल्या मक्याच्या पट्ट्यात डुकरिणींच्या लहान पिल्लांमध्ये विचित्र प्रकार दिसला, माजावर नसताना माजावर असल्यासारखी त्यांची अंगं सुजायची, आणि खाण्यात बुरसटलेला मका होता. ते द्रव्य वेगळं काढायला 1962 उजाडलं आणि त्याची रचना कळून नाव पडायला 1966. नावातला "झिआ" म्हणजे मका.

ते हॉर्मोनसारखं का वागतं, तर आपल्या पेशीत इस्ट्रोजेनसाठी, म्हणजे त्या बायकी हॉर्मोनसाठी, एक कुलूप असतं, रिसेप्टर म्हणतात त्याला. झिअरालेनोन दिसायला इस्ट्रोजेनच्या कुटुंबातलं नाही, त्याची रासायनिक जात वेगळी, पण त्याचा रेणू अशा घड्या घालून बसतो की किल्लीसारखा त्या कुलपात शिरतो. कुलूप फिरतं, पेशीला वाटतं इस्ट्रोजेन आलं. खरी किल्ली नव्हे, घासून बनवलेली डुप्लिकेट, त्यामुळे तिच्यात जोर कितीतरी पटींनी कमी असतो. पण असतो.

आणि हे ज्या पेशींवर बघतात त्यांची गंमत ऐक. एमसीएफ-7 नावाच्या पेशी आहेत, डेट्रॉईटमध्ये एका वयस्क ननच्या छातीच्या कॅन्सरमधून घेतलेल्या, 1973 पासून जगभरच्या लॅबमध्ये वाढवतात. इस्ट्रोजेन मिळालं की या भराभर वाढतात, म्हणून कुठल्याही द्रव्यात इस्ट्रोजेनचा गुण आहे का हे बघायला त्या वापरतात. झिअरालेनोन घातलं की वाढतात, अगदी थोडंसं घातलं तरी. पण या पेशी किती हळव्या आहेत बघ, 1986 मध्ये लक्षात आलं की ज्या पाण्यात त्या वाढवतात त्याला गुलाबी रंग येण्यासाठी जो साधा रंग टाकायचे, त्यालाच त्या इस्ट्रोजेन समजून वाढत होत्या! तेव्हापासून असे प्रयोग करताना तो रंग वगळतात आणि त्यात घालायच्या सिरममधली आधीची हॉर्मोन्स कोळशाने गाळून काढतात. म्हणजे अगदी उपाशी ठेवलेल्या पेशीपुढे एकच पदार्थ ठेवायचा आणि ती खाते का बघायचं. "या द्रव्यात हा गुण आहे का" एवढ्या एका प्रश्नासाठी ही परीक्षा उत्तम आहे. "माझ्या मुलीने पोळी खाल्ली तर काय होईल" हा प्रश्न त्या काचेच्या बशीला कोणी विचारलेलाच नसतो.

कारण बशीला आतडं नसतं आणि लिव्हर नसतं. मी तीस वर्षं मुलींना फूड-न्यूट्रिशन शिकवलं आणि दर वर्षी या जागेवर वर्ग अडायचा, म्हणून तुलाही सावकाश सांगते. पोटातून आलेलं झिअरालेनोन लिव्हरकडे जातं, लिव्हर त्याचा बराचसा भाग बांधून, पाण्यात विरघळेल असा करून लघवीवाटे बाहेर टाकतं. हे आपल्या बाजूचं. पण तेच लिव्हर त्यातल्या काही भागाचं रूपांतर अल्फा-झिअरालेनॉलमध्ये करतं, आणि ते मूळ द्रव्यापेक्षा जास्त जोरदार, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2016 मध्ये हिशोबासाठी साधारण 60 पट धरलंय. हे आपल्या विरुद्ध. डुकराचं शरीर हे अल्फा रूप भरपूर बनवतं म्हणून डुकरं सगळ्यात आधी पकडली जातात, कोंबड्यांना त्या मानाने फारसा फरक पडत नाही. म्हणून "शरीर सगळं बाहेर टाकतं, काही होत नाही" हेही मी म्हणणार नाही आणि "पेशीत झालं म्हणजे मुलीत झालं" हेही म्हणणार नाही. किती पोटात गेलं त्यावर आहे सगळं.

तर किती, ते करू. युरोपच्या त्याच संस्थेने 2011 मध्ये रोजची सुरक्षित रेषा आखली, शरीराच्या दर किलोमागे 0.25 मायक्रोग्रॅम. लेकीचं वजन 26 किलो धरू, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोग्रॅम. ती दिवसभरात दीडशे ग्रॅम पीठ खात असेल तर त्या पिठात किलोमागे 43 मायक्रोग्रॅमच्या आसपास झिअरालेनोन असलं, आणि रोज असलं, तर रेषा गाठली जाते. हा आकडा अशक्य कोटीतला नाही, युरोपात पिठासाठी कायद्याची मर्यादाच किलोला 75 आहे. पण रेषा आखली कशी, तर डुकरिणीच्या पिल्लांमध्ये ज्या मात्रेला काहीच परिणाम दिसला नाही ती घेतली आणि आणखी 40 ने भागलं. म्हणजे रेषेला पाय लागला की मुलगी मोठी व्हायला लागली असं काही ते गणित नाही, मध्ये बरंच मोकळं अंगण सोडलेलं आहे.

आणि खऱ्या मुलींमध्ये? इथे तुला दोन अभ्यास सांगते, कारण तुला फोनने बहुतेक एकच दाखवला असणार. इटलीत 2008 मध्ये लवकर वयात आलेल्या 32 मुलींचं रक्त तपासलं, त्यांतल्या 6 जणींमध्ये हे विष वाढलेलं सापडलं, आणि त्या मुलींची उंचीही जास्त वेगाने वाढत होती. वाचून पोटात गोळा येतो, मान्य. आता 2011 चा न्यू जर्सीचा घे, 9-10 वर्षांच्या 163 मुलींची लघवी तपासली, तर 78.5 टक्के मुलींमध्ये ही बुरशीची इस्ट्रोजेनं सापडली. पण ज्यांच्यात सापडली त्या मुली सरासरीने जरा बुटक्या होत्या आणि त्यांच्यात छातीची वाढ सुरू झालेली असण्याचं प्रमाण उलट कमी होतं. तुझ्या भीतीच्या बरोबर उलट्या दिशेला! डुप्लिकेट किल्ली कुलपात अडकून बसली की खरी किल्लीही आत जात नाही, तसं काही होत असेल असा एक तर्क आहे. म्हणजे विषय खरा आहे, शास्त्रज्ञ त्यावर काम करतायत, पण त्यातून एका घरातल्या एका मुलीच्या एका गाठीकडे बोट दाखवता येत नाही. गहू तर खाऊन संपलेत, त्यांना आता कुठल्याच साक्षीला बोलावता येणार नाही.

शिवाय गहू होते कुठले? तू भालिया लिहिलंयस. गुजरातच्या भाल भागातला गहू मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात निघतो आणि फ्युझेरियमला शेतातच, फुलोऱ्याच्या वेळी, ओल आणि गारवा लागतो. घरातल्या कोठीत, ऑगस्टच्या दमट गरमीत भिजलेल्या गव्हावर जी बुरशी येते ती बहुतेक वेळा दुसऱ्या जातीची, अ‍ॅस्परजिलस आणि तिच्या बहिणी. तिचं विष अफ्लाटॉक्सिन. ते हॉर्मोनचं नाटक करत नाही, सरळ लिव्हरवर जातं. कॅन्सरवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने झिअरालेनोनला तिसऱ्या गटात ठेवलंय, म्हणजे माणसात कॅन्सर करतं की नाही हे ठरवण्याइतका पुरावा नाही, आणि अफ्लाटॉक्सिनला पहिल्या गटात, म्हणजे करतंच. तुझा संशय चुकीच्या चोरावर आहे असं मी म्हणते ते यासाठी.

आणि याला लांब जायला नको गं. 1974 चे शेवटचे महिने, आपल्या शेजारचा पंचमहाल आणि राजस्थानातलं बांसवाडा. तेव्हा दाहोद पंचमहालातच होतं. कापणीच्या वेळी अवेळी पाऊस झाला, मकाई ओलीच घरात भरली गेली, आणि आदिवासी घरांमध्ये तीच रोजची भाकरी. कावीळ, पोटात पाणी, 397 माणसं आजारी पडली, 106 गेली. घरातली कुत्री, तीच भाकर खाणारी, तीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या लोकांनी तपास केला तेव्हा काही घरांतल्या मकाईत किलोला 6,250 ते 15,600 मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघालं. आज आपल्याकडे धान्यासाठी कायद्याची मर्यादा 15 आहे. चारशे ते हजार पट. हे मी वर्गात सांगायचे तेव्हा मुली एकदम गप्प व्हायच्या, आणि दर वर्षी एखादी तरी गोध्रा-दाहोदकडची निघायची जिच्या आजीला ते साल आठवायचं. त्या लोकांकडे दुसरं धान्य नव्हतं, फेकायचं म्हणजे उपाशी राहायचं. तुझ्याकडे आहे.

म्हणून तुझ्या मकाईच्या पोत्याबद्दल तू घाबरलीस ते बरोबरच, कारण फक्त वेगळं. आता धान्याचं काय करायचं ते सांगते, हे तुझ्यासारख्या तळमजल्यावाल्या सगळ्यांसाठीच आहे. पुराचं पाणी लागलेलं धान्य वाळवून खायचं नाही, ते गटाराचं पाणी असतं, बुरशीचा विचार नंतर. ऊन दाखवलं की ओल जाते, पुढची बुरशी थांबते, पण आधी तयार झालेलं विष उन्हाने जात नाही, तव्यावर जात नाही, कुकरमध्ये जात नाही. आपल्याला वाटतं भाजलं की सगळं जळतं, नाही जळत. दिवेल लावतो ते किड्यांसाठी, बुरशीला दिवेलाचं काही नाही. कडुलिंबाचा पाला घालायचा असेल तर कुरकुरीत वाळलेला घाल, ओलसर पाला घातला तर आपणच कोठीत पाणी नेऊन ठेवलं. आणि धान्यात ठेवायच्या त्या सल्फासच्या विषारी गोळ्या कोणी आणून दिल्या तर घराच्या दाराच्या आत येऊ देऊ नकोस, त्यांच्या गॅसने झोपलेली माणसं गेली आहेत.

धान्य भरण्यापूर्वी दाताखाली दाणा चावून बघ, कट् असा तुटला पाहिजे, दबला तर ओल आहे, अजून दोन दिवस ऊन. निवडताना काळे, पिचलेले, वजनाला हलके, गुलाबी-पांढुरके सुकलेले दाणे काढून टाक, विष सगळ्या दाण्यांत सारखं नसतं, अशाच थोड्या दाण्यांत साठलेलं असतं, त्यामुळे आपल्या आज्या ताटात गहू घेऊन निवडत बसायच्या ते काम आजही फुकटचं औषध आहे. मकाईवर पिवळसर-हिरवी भुकटी दिसली तर निवडत बसू नकोस, सगळी टाक. शेंगदाण्यांचंही तसंच, सुरकुतलेले, काळे पडलेले, आणि दाताखाली एखादा कडू लागला तर गिळायचा नाही, थुंकायचा, चारचौघात असलीस तरी. कोठी भिंतीपासून हातभर लांब आणि विटांवर किंवा लाकडी स्टँडवर. आणि मुख्य म्हणजे तळमजल्यावर, नदीजवळ, दहा मण गहू एकदम भरायचेच कशाला? हाथीखान्याच्या धान्यबाजारात गहू बाराही महिने मिळतो. पावसाळ्यापुरते तीन-चार मण घ्या, बाकी दिवाळीनंतर. भावात थोडं जाईल, ते मान्य करूनच सांगतेय.

लॅबचं विचारलंस. मान्यताप्राप्त लॅबमध्ये या तपासण्या होतात, पण घरगुती धान्यासाठी मी तरी करणार नाही. वरती सांगितलं तसं, विष मूठभर दाण्यांत असतं. तू वाटीभर नमुना दिलास आणि ते दाणे नेमके वाटीत आले नाहीत तर रिपोर्ट स्वच्छ येणार आणि तू निर्धास्त खाणार, आले तर आकडा भयंकर येणार आणि तू वर्षभर रडणार. नीट करायचं तर पोत्याच्या दहा-पंधरा जागांतून काढून, सगळं एकत्र दळून, मिसळून मग द्यावं लागतं. एवढे पैसे खर्च करून शेवटी निर्णय काय घेणार आहेस? कुबट वास आला तर टाकायचं. तो निर्णय नाकाने फुकटात होतो. वास नसला म्हणजे विष नाहीच अशी गॅरंटी नाही, खरंय, म्हणून तर निवडायचं आणि एकाच धान्यावर राहायचं नाही, गहू, ज्वारी, तांदूळ, बाजरी फिरवत राहायचं.

आता नाकाचा विषय निघालाच आहे तर सासूबाईंकडे येते. तू लिहिलंयस "त्यांच्या काटकसरीने नातीचं नुकसान केलं हे कसं सांगू". हे सांगूच नकोस, कारण ते खरं आहे हे तुला माहीत नाही, मलाही नाही, कोणालाच नाही. तू कधी विचार केलास का की घरात गुडघाभर पाणी शिरलं होतं, लाइट नव्हते, बाहेर रस्त्यावर मगरीचे व्हिडिओ फिरत होते, आणि त्या बाईने या वयात पिशव्या भरभरून गहू जिन्याने गच्चीवर नेले? चूक होतीच, टाकायला हवे होते. पण ती चूक कंजूषपणाची वाटत नाही मला, घरच्यांना पोळी मिळावी या धास्तीची वाटते, आणि तू जी रात्री फोन घेऊन बसलीस ना, तीही तीच धास्ती आहे. पोतं तू त्यांच्या पाठीमागे दिलंस याची आधी माफी माग. "आई, मी घाबरले होते, तुम्हाला विचारायला हवं होतं" एवढं पुरे, त्याच्यापुढे "पण" लावू नकोस. आणि मग त्यांना काम दे. धान्य आलं की पोतं उघडून वास घ्यायचं काम त्यांचं, त्या "नको" म्हणाल्या की ते परत जाणार, त्यावर तुझा किंवा मुलाचा अपील नाही. सत्तर वर्षं धान्य हाताळलेलं नाक आहे ते, तुझ्या-माझ्या नाकापेक्षा केव्हाही तयार. पंचमहालची गोष्ट त्यांना सांग, हॉर्मोनची नको. ती त्यांना लगेच पटेल, आठवतही असेल.

नवऱ्यालाही एक काम आहे, डॉक्टरकडे तिघांनी जायचं. "गूगल बंद कर" म्हणणं सोपं असतं, अपॉइंटमेंट घेणं थोडं कठीण, ते त्याने करावं.

आणि लेक. या सगळ्या पत्रात ती काय म्हणाली याचा एक शब्द नाही गं. तुमचं भांडण तिने ऐकलंच असणार, दोन खोल्यांच्या घरात काय लपतं. तिच्या डोक्यात आता असं काहीतरी असेल की आजीच्या पोळीत विष होतं आणि ते माझ्या छातीत गाठ होऊन आलंय. तिला आजच जवळ घेऊन सांग की ही गाठ म्हणजे शरीर मोठं व्हायला लागल्याची खूण आहे, सगळ्या मुलींना होतं, कोणाला आठव्या वर्षी कोणाला बाराव्या, थोडं दुखतं आणि कमी होतं, आजीने काही केलेलं नाही आणि तिनेही नाही. आपण डॉक्टरकडे जाणार आहोत ते उंची मोजायला. मऊ सुती शमीज आण दोन-तीन. चोळी जरा सैल करून घे, आणि त्या टेलरबाईला बाजूला घेऊन सांग की माप घेताना तोंड बंद ठेवायचं, ते मात्र गोड बोलून सांगू नकोस. गरब्याला जायचं नाही म्हणाली तर जबरदस्ती नको, पण आजीबरोबर जाईल का विचार, आजी-नातीचं नातंही या भांडणात होरपळलंय.

एक राहिलं. ते गोशाळेतलं पोतं. तुला वाटलं फेकण्यापेक्षा गायीच्या मुखी जाईल, पुण्य लागेल, आपल्याकडे शिळं-बुरसटलेलं सगळं गायीलाच जातं. पण गायीने अफ्लाटॉक्सिन खाल्लं की त्याचा काही भाग तिच्या दुधात उतरतो, थोडं बदललेल्या रूपात, आणि दूध उकळल्याने तो जात नाही. कायद्याने दुधात किलोला अर्धा मायक्रोग्रॅम एवढीच मुभा आहे त्याला, धान्याच्या तीसपट कडक, कारण दूध लहान मुलं पितात. गायीच्या लिव्हरचं होतं ते वेगळंच. तेव्हा हे वाचून झालं की गोशाळेत फोन कर, मकाई बुरसटलेली होती म्हणून स्पष्ट सांग, पोतं उघडलं नसेल तर जाऊन परत आण, आणि काळ्या पिशवीत गच्च बांधून कचऱ्याच्या गाडीत दे, कबुतरांना नको, घंटीवाल्याला (पिठाच्या गिरणीवाल्याला) नको. लाज वाटत असेल तर सासूबाईंना बरोबर ने, तिथे त्यांची ओळख असेलच.